ग्रामसभेची मंजुरी म्हणजे नेमकं काय? गावाच्या आराखड्यावर सही करण्याआधी

ग्रामसभेत रजिस्टरवर सही केली म्हणजे आराखड्याला मंजुरी दिली, असं आपल्यापैकी बरेच जण समजतात. प्रत्यक्षात ती सही फक्त हजेरीची असते. मंजुरी वेगळी असते. ती ठरावाला असते, आणि ठरावात जे लिहिलेलं असेल तेवढ्यालाच असते. कब्रस्तानचा रस्ता, उर्दू शाळेची मुतारी, मोहल्ल्यातली गटार हे सगळं सभेत बोललं गेलं, सगळ्यांनी मान डोलावली, पण ठरावात उतरलं नाही, तर कागदावर त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. पुढच्या वर्षी विचारायला गेलं की उत्तर मिळतं, ‘आराखड्यात नाही.’

जालना जिल्ह्याच्या जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांत आपली घरं विखुरलेली आहेत. बहुतेक गावांत आपली वस्ती एका प्रभागात किंवा गावकुसाला असते. मतं कमी, सदस्य एखादा, तोही दरवेळी असेलच असं नाही. अशा वस्तीला आराखड्याचा कागद वाचता येणं फार गरजेचं आहे, म्हणून हा विषय आम्ही सविस्तर मांडतो आहोत. जालना शहरातल्या वाचकांना ग्रामसभा नाही. तिथं २०२३ पासून महानगरपालिका आहे आणि तिची रीत वेगळी आहे. हा लेख खेड्यांपुरता.

आयटीवाल्यांचं ‘साइन-ऑफ’

घरातलं कोणी पुण्यात आयटी कंपनीत ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ असेल तर त्यांच्या तोंडून ‘साइन-ऑफ’ हा शब्द ऐकला असेल. आधी पूर्ण नियोजन आणि मग काम, अशा पद्धतीत गिऱ्हाइकाला काय हवंय ते सगळं अगोदर लिहून काढतात. ज्यांच्यावर त्या कामाचा परिणाम होणार त्यांना ते वाचायला देतात, वाद असतील ते मिटवतात आणि मग ज्यांना अधिकार आहे ते सही करतात. सही झाली की यादी गोठते. पुढे बदल हवा असेल तर लेखी मागणी, त्यामुळे खर्च किती वाढेल, वेळ किती जाईल याचा हिशेब आणि पुन्हा सही.

‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस’ या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. त्यात ‘गरजांना मंजुरी घेणं’ हे एक स्वतंत्र काम म्हणून दिलं आहे. सही कोणाची लागते हे आधी ठरवा, मतभेद सोडवा, एकमत घ्या, आणि कोणी कशाला मंजुरी दिली याची नोंद ठेवून सगळ्यांना कळवा, असा त्याचा मथितार्थ. दुसरीही एक पद्धत आहे, ‘अ‍ॅजाइल’. त्यात काम थोडं थोडं करून दाखवतात आणि प्रत्येक टप्प्यावर विचारतात. पण गावाचा निधी वर्षाच्या हिशेबाने येतो आणि यादीत नसलेल्या कामावर तो खर्च करता येत नाही. त्यामुळे गावाला पहिल्याच पद्धतीने चालावं लागतं. सही आधी, कुदळ नंतर.

कायदा काय सांगतो

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३-ग मध्ये आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायासाठी पंचायतींनी योजना तयार करण्याची तरतूद आहे. आपल्या राज्यात १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. त्याच्या कलम ७ मध्ये ग्रामसभेच्या बैठका आणि कलम ८ मध्ये तिची कामं दिली आहेत. पंचायतीने राबवायच्या विकास योजनांना अंमलबजावणीआधी मान्यता देणं हे तिचं मुख्य काम. म्हणजे सही कोणाची चालते, याचं उत्तर कायद्यातच आहे: गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्यांची, सभेत बसून. सरपंच किंवा सदस्य मंडळ एकट्याने हे उरकू शकत नाही.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आता सगळ्यांना पाठ आहेत. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर पाहिजेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि खरी गोम इथेच आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या दिवशी ‘माणसं नाहीत’ म्हणून आपण घरी आलो आणि दुसऱ्या तारखेला गेलोच नाही, तर तिथं बसलेल्या थोड्या लोकांनी मंजूर केलेला आराखडा कायद्याने संपूर्ण गावाचा ठरतो. त्यात काही बेकायदा नाही. म्हणून तहकूब सभेची तारीख त्याच दिवशी विचारून घ्यावी आणि जुम्याला मस्जिदीत सांगून टाकावी.

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या घरच्या बाया या सभेला फारशा जात नाहीत, आणि त्याचं नुकसान थेट दिसतं. नळाला पाणी किती वाजता येतं, अंगणवाडी किती लांब आहे, शाळेत मोठ्या मुलींसाठी बंद दाराचं स्वच्छतागृह आहे का, हे त्यांनाच माहीत असतं. मोठ्या सभेत गर्दीपुढे बोलायला संकोच वाटत असेल तर महिला सभा ही त्यांची हक्काची जागा आहे. तिथल्या मागण्या पुढे ग्रामसभेत ठेवल्या जातात.

आराखडा कसा तयार होतो

राज्यात २०१५ पासून ‘आमचं गाव आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याची पद्धत सुरू झाली. १४ व्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला, तेव्हापासूनची ही गोष्ट. २०१८ पासून केंद्राची ‘सबकी योजना सबका विकास’ ही मोहीम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते आणि त्यात पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा ठरतो. गावात एक संसाधन गट बसतो, शिवारफेरी होते, गरजांची यादी निघते. कच्चा आराखडा तालुक्याला तांत्रिक छाननीसाठी जातो आणि अंतिम मंजुरीसाठी पुन्हा ग्रामसभेपुढे येतो. त्यानंतर तो ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलवर चढतो. हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं आणि कोणालाही मोबाइलवर उघडता येतं. आपल्या गावाचं नाव टाकून या वर्षी कोणती कामं मंजूर आहेत ते घरबसल्या बघता येतं. ‘मेरी पंचायत’ नावाचं अ‍ॅपही आहे.

एक सल्ला: मोहल्ल्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला हे काम लावून द्या. ज्याला रील सापडते, त्याला आराखडाही सापडेल.

पैशाचे कप्पे आधीच पडलेले असतात, हेही समजून घ्यावं. १५ व्या वित्त आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचा. त्याच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातला अर्धा वाटा स्वच्छतेचा आणि अर्धा पिण्याच्या पाण्याचा. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ते, दिवे आणि बाकीच्या गरजा. त्यापुढची विभागणी १६ व्या आयोगाप्रमाणे. पण मुद्दा तोच राहतो. रस्त्याची मागणी पाण्याच्या कप्प्यात बसत नाही. मागणी कोणत्या निधीतून होऊ शकते ते सभेतच विचारावं, नाहीतर ती मंजूर होते आणि तशीच पडून राहते.

कब्रस्तानचा रस्ता: एक नमुना

समजा, गावात कब्रस्तान ओढ्यापलीकडे आहे. उन्हाळ्यात काही वाटत नाही. आषाढ-श्रावणात काळ्या मातीचा चिखल गुडघ्यापर्यंत येतो आणि जनाजा खांद्यावर घेऊन जाताना माणसं घसरतात. मग सभेत कोणीतरी उठून म्हणतं, ‘कब्रस्तानची सोय करा.’ ग्रामसेवक, म्हणजे २०२४ च्या निर्णयानंतरचे ग्रामपंचायत अधिकारी, ‘कब्रस्तान सुशोभीकरण’ असं लिहून घेतात. वर्षभराने तिथं दोन बाक आणि एक फलक येतो. काम झालं, पैसे खर्च झाले, जनाजा मात्र चिखलातूनच.

यात कोणाची बदमाशी असेलच असं नाही. मागणीच अर्धी लिहिली गेली होती. तीच अशी लिहिता आली असती: ‘गावठाणातल्या डांबरी रस्त्यापासून गट क्रमांक अमुक मधील कब्रस्तानच्या फाटकापर्यंत अंदाजे २०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्त्याचं खडीकरण व ओढ्यावर नळकांडी पूल. कारण: पावसाळ्यात मयत नेता येत नाही. फाटकापर्यंत चारचाकी गेली म्हणजे काम पूर्ण.’ ठिकाण, माप, कारण, आणि काम पूर्ण झालं हे ओळखायचं कसं, या चार गोष्टी आल्या की तिथं बाक बसवून हे काम झालं असं म्हणता येत नाही. लांबी-रुंदी अंदाजाने दिली तरी चालते, नेमकी मोजणी अभियंता करतो.

पण त्याआधी सातबारा काढावा. रस्ता ज्या जमिनीतून जाणार ती कोणाची आहे? कब्रस्तानची जागा गावठाणात आहे, गायरानात आहे, की वक्फ म्हणून नोंद आहे? मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या नोंदींत ‘इनाम’, ‘खिदमतमाश’ असे शब्द सापडतात. जागा वक्फची असेल तर मुतवल्ली किंवा कमिटी आणि गरजेप्रमाणे राज्य वक्फ मंडळ यांनाही विचारात घ्यावं लागतं. मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. मधला तुकडा एखाद्या शेतकऱ्याचा असेल तर त्याची लेखी संमती आधी. ती नसताना ठराव केला तर काम मंजूर होऊन अडतं, आणि मग साध्या रस्त्याला विनाकारण दोन समाजांचा रंग चढतो. त्या शेतकऱ्याकडे जमातच्या सदरांनी आधीच चहाला जाऊन बसावं. मशवरा सभेच्या आधी झाला तर सभेत वाद होत नाही.

निधी फक्त वित्त आयोगाचाच नसतो. दहनभूमी-दफनभूमीची कामं, तिथला पोहोचरस्ता, कुंपण यांसाठी जिल्हा नियोजनातून ‘जनसुविधा’ नावाचं विशेष अनुदान मिळतं. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची ग्रामीण क्षेत्रविकास योजना आहे, तिच्यातही कब्रस्तानची संरक्षक भिंत, पाणी, अंतर्गत रस्ते अशी कामं घेता येतात. दोन्हीकडे प्रस्तावासोबत ग्रामपंचायतीचा ठराव लागतोच. म्हणजे पुन्हा गाडी ठरावाच्या मजकुरावर येते.

कडवंचीत काय केलं

मंजुरी नीट घेतली तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून काम झालं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि त्यांचं खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांनी ते राबवलं. आज कडवंची द्राक्षांसाठी ओळखली जाते. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यात जिकडेतिकडे टँकर फिरत होते, तेव्हा या गावाने बागा कशा जगवल्या ते बघायला बाहेरचे लोक येत होते.

द्राक्षांची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला त्याआधीची कागदाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या कार्यक्रमात आधी गावाची परीक्षा असे. ग्रामसभेने एकमताने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान मान्य केल्याशिवाय मोठा निधी मिळत नसे. पाणलोट समिती ग्रामसभेतूनच निवडली जाई. आणि मग येई ती ‘नेट प्लॅनिंग’ची पायरी. तांत्रिक माणूस गट क्रमांकाप्रमाणे प्रत्येक शेतात जायचा. सोबत त्या शेताचा मालक आणि त्याची बायको. उतार किती, माती किती खोल, बांध कुठे घालायचा, कुठे झाडं लावायची, हे जागेवर उभं राहून ठरायचं. शेतकऱ्याला पटलं नाही तर बदलायचं. पटलं की सही. अशा एकेका सहीतून सगळ्या पाणलोटाचा आराखडा बनायचा.

या रीतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, सही चावडीत मागितली नाही, बांधावर मागितली. माणूस जे बघतोय त्यालाच सही देत होता. दुसरी, बायकोला सोबत ठेवलं. कारण चराईबंदी झाली की शेळीला चारा कुठून आणायचा, हा प्रश्न तिच्या डोक्यावर पडणार होता. तिला न विचारता नवऱ्याने दिलेली संमती पहिल्या उन्हाळ्यातच मोडली असती.

सगळंच आराखड्यात बसतं असं नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या काळात राज्यभर प्लास्टिक अंथरलेली शेततळी वाढली आणि विहिरी-बोअरचं पाणी उपसून त्यांत साठवण्याची सवय लागली. त्यावर अभ्यासकांनी टीका केली आहे. जमिनीखालचं पाणी कोणी किती उपसायचं, हा करार बहुतेक गावांत कधी लिहिलाच गेला नाही.

जिल्ह्यात पुढे आलेल्या योजनांनीही गावाच्या मंजुरीचा धागा सोडला नाही. जागतिक बँकेच्या मदतीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, जालना होता. तिथंही गावाचं सूक्ष्म नियोजन आणि ग्रामसभेतून निवडलेली ग्राम कृषी संजीवनी समिती होती. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गाव कृती आराखडा आहे. पाणी समितीत निम्म्या महिला आणि गावांतर्गत कामाच्या खर्चात साधारण १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे. वर्गणी द्यायची असेल तर टाकी कुठे आणि शेवटचा नळ कुठे, हे नकाशावर बोट ठेवून विचारायचा हक्कही आहेच.

शाळेचा आराखडा वेगळा

जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांबाबत एक घोळ नेहमी होतो. शाळेची मागणी लोक ग्रामसभेतच करतात आणि तिथंच थांबतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा आधार हा आराखडा असतो. समितीवर नाव असलेल्या पालकांना मुख्याध्यापक रजिस्टर पुढे करतात आणि ‘इथं सही करा’ म्हणतात, तेव्हा बैठकीचा वृत्तांत लिहून झालाय का ते बघूनच पेन उचलावं. कोऱ्या पानावर सही करू नये. ओळखीचा मुख्याध्यापक असला तरी नाही. तो चांगला असेल, पण बदलून जाईल. पान राहील.

एका कामाला किती मंजुऱ्या

ग्रामसभेने ठराव केला म्हणजे उद्या जेसीबी येईल, असं नाही. ग्रामसभा फक्त गरजेला मंजुरी देते. त्यानंतर अभियंता अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते. मग प्रशासकीय मान्यता. मग निविदा किंवा कार्यारंभ आदेश. यातल्या कोणत्या पायरीवर काम अडलंय ते विचारलं तर उत्तर मिळतं. नुसतं ‘आमचं काम का होत नाही’ विचारलं तर ‘वरून यायचंय’ एवढंच ऐकायला मिळतं.

आणि अंदाजपत्रक होताना मागणी बदलू शकते. ओढ्यावरचा पूल महाग पडतो म्हणून वगळला जातो, रस्ता २०० ऐवजी १२० मीटर होतो. असा बदल करायचा तर सुधारित आराखडा पुन्हा ग्रामसभेपुढे यायला हवा. म्हणून अंदाजपत्रकाची प्रत मागून ठरावाशी ताडून पाहावी. पैसे खरंच कमी असतील तर आधी पूल आणि पुढच्या वर्षी खडीकरण असं आपणच सुचवू शकतो. पूल नसेल तर बाकीच्या रस्त्याचा पावसाळ्यात उपयोग नाही, हे बाहेरून आलेल्या अभियंत्याला कळेलच असं नाही.

सभेत काय करायचं, हातात काय ठेवायचं

मागणी दोन प्रतींत लिहून सभेच्या आधीच ग्रामपंचायतीत द्यावी आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. सभेत ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगावा. सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणाची नावं लिहिली आहेत ते ऐकावं. अनुमोदक दुसऱ्या मोहल्ल्यातला असेल तर फारच उत्तम. विरोध असेल तर तोही इतिवृत्तात नोंदवायला सांगता येतो. गप्प बसून बाहेर येणं हा विरोध धरला जात नाही. इतिवृत्त पूर्ण व्हायच्या आधी सह्या मागितल्या तर हजेरीच्या पानावर सही करावी, ठरावाच्या पानावर मजकूर भरल्यावरच.

नंतर ठरावाची प्रमाणित प्रत मागावी. मिळाली नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. साध्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘आमच्या कामाचं काय झालं’ असं लिहू नये. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरीची पानं, आणि अमुक कामाच्या अंदाजपत्रकाची व तांत्रिक मान्यतेची प्रत’ असं नावानिशी मागावं. ठराव एक आणि पोर्टलवर दुसरंच असेल तर दोन्हींच्या प्रती जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. तिथं दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे.

हे सगळे कागद एका फाइलीत घालून मस्जिद कमिटीच्या कपाटात ठेवावेत. सरपंच बदलतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, आपल्यातलाही जो माणूस धावपळ करत होता तो मुंबई-सुरतेला कामाला निघून जातो. पुढच्या २ ऑक्टोबरला सभेत जो उभा राहील त्याच्या हातात मागच्या वर्षीचा ठराव क्रमांक आणि तारीख असली पाहिजे.